सिस्टरच्या हाती जेंटामायसिन यायला इतका उशीर का झाला?

तान्ह्या बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्यच नसेल किंवा घरचे तयार नसतील, तर उपकेंद्राची एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स, त्याला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देऊ शकते. केंद्र सरकारने ही मुभा २०१४ मध्ये दिली. या मुभेला आधार देणारा पुरावा मात्र गडचिरोलीतून १९९९ मध्येच पुढे आला होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. तिथे न्यूमोनियाने मुलं दगावत होती आणि डॉक्टर कोसभर लांब. स्टेथोस्कोप, एक्स-रे हाताशी नसला तरी श्वासाच्या गतीवरून न्यूमोनिया ओळखता येतो, हे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी आधी दाखवलं होतं. पण दोन महिन्यांपुढच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेले की धोका, हे निरक्षर दाईने मोजायचं कसं? त्यासाठी बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने एक साधं यंत्र केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी पाचवा, म्हणजे लाल मणी सरकवायची वेळ आली, तर औषध सुरू करायचं. निमवैद्यकीय कर्मचारी, आरोग्यदूत आणि दाया हेच उपचार करत होते. न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचा हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या बायका घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणं तपासत आणि गरज पडल्यास इंजेक्शनही देत. तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरला. १९९९ मध्ये पुढे आलेला पुरावा तो हाच. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गावातल्या बाईने भरलेली नोंद. ती नसती तर पुरावाच उभा राहिला नसता.

मग सरकारी नर्सपर्यंत हे पोचायला पंधरा वर्षं का लागली? एक कारण जुनं आहे. १९७३ च्या सरकारी कर्तारसिंग समितीनंतर प्रसूतीची जाणकार असलेली एएनएम ‘बहुउद्देशीय’, म्हणजे अनेक कामं करणारी कर्मचारी झाली आणि १९९६ पर्यंत तिचं काम कुटुंब नियोजनाच्या टार्गेटवरच जोखलं गेलं. बाळ जगलं का, हे तिला कुणी विचारत नव्हतं. दुसरं, डॉक्टरांखेरीज इतरांच्या हाती इंजेक्शन द्यायला वैद्यकीय वर्तुळ कचरत होतं. ही भीती अनाठायी नव्हती, पण मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलेलं बाळ घरीच मरत असताना ती बाळगण्याची किंमत फार मोठी होती.

२०११ मध्ये नवजात बाळांसाठी ‘आशा’ या गावातल्या आरोग्य कार्यकर्तींच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिला दिवसही. इंजेक्शन मात्र त्यातून वगळलं होतं. २०१४ ला ते एएनएमकडे आलं, तोंडाने द्यायच्या अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीने. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही दवाखान्यात नेणं शक्य नसलेल्या अशा बाळांसाठी बाह्यरुग्ण उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली.