गेम सगळ्यांचा तोच, मग स्ट्रीमरची ओळख आली कुठून?

नवीन पोरं स्ट्रीम (म्हणजे गेम खेळताना इंटरनेटवर लाइव्ह दाखवणं) चालू करायचं म्हटलं की आधी विचारतात "कुठला गेम खेळू?", पण मागे जाऊन बघितलं तर हे प्रकरण गेमपासून सुरूच झालेलं नाहीये. 2007 च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान नावाच्या पोराने टोपीला कॅमेरा लावला आणि आपलं आयुष्य चोवीस तास इंटरनेटवर दाखवायला घेतलं, खाणं, फिरणं, मीटिंगा, झोपणं, सगळंच. साईटचं नावच जस्टिन डॉट टीव्ही. बघण्यासारखं त्यात फार काही नव्हतं (झोपलेल्या माणसाला किती वेळ बघणार), तरी लोक बघायचे, आणि काही महाभागांनी तर खोटे फोन करून त्याच्या घरी पोलीसही पाठवले. म्हणजे आधी माणूस आला, गेम नंतर. त्याच वर्षी साईट सगळ्यांना खुली झाली, लोक आपापलं काहीबाही दाखवायला लागले, त्यात गेमवाल्यांची गर्दी इतकी वाढली की 2011 च्या जूनमध्ये त्यांच्यासाठी ट्विच हे वेगळं दुकान काढावं लागलं. 2014 च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने ट्विच जवळपास 97 कोटी डॉलरला घेतलं आणि मूळ जस्टिन डॉट टीव्हीला त्याच महिन्यात टाळं लागलं.

सुरुवातीला ट्विचवर भारी खेळणारे चालायचे, स्टारक्राफ्ट टू, लीग ऑफ लेजेंड्स वगैरे. पण भारी खेळणारे ढिगाने असतात हो. आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत बोअर भाग कापता येतो, लाइव्हला ती सोय नाही, मॅच लागेपर्यंतची मिनिटं, लोडिंग, मेल्यावर नुसतं बघत बसणं, या सगळ्या रिकाम्या वेळात तोंड चालूच ठेवावं लागतं, आणि माझ्या मते ओळख बनते ती तिथेच. चॅटमधल्या रोजच्या मंडळींना नावाने हाक मारणं, हरल्यावरची ठरलेली चिडचिड, तेच तेच जोक. ट्विचने पुढे चॅनेलला स्वतःचे इमोट (चॅटमध्ये टाकायची छोटी चित्रं) दिले, मग सबस्क्राइबर लोक स्ट्रीमरचा चेहरा दुसऱ्याच्याच चॅटमध्ये जाऊन चिकटवायला लागले, फुकटची जाहिरातच ती. डॉक्टर डिसरिस्पेक्ट नावाच्या स्ट्रीमरने तर विग, मिशी, गॉगल चढवून अख्खं पात्रच उभं केलं.

2018 च्या मार्चमध्ये ट्विचवरचा स्ट्रीमर निंजा, म्हणजे टायलर ब्लेव्हिन्स, रॅपर ड्रेकबरोबर फोर्टनाइट खेळला तेव्हा एकाच वेळी 6 लाखांवर लोक बघत होते. पुढच्या वर्षी तो मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या स्ट्रीमिंग साईटवर गेला, पण सगळी गर्दी काही त्याच्यामागून गेली नाही आणि 2020 च्या जुलैत मिक्सरच बंद पडलं. केसांच्या रंगापासून ओळखला जाणारा माणूस, त्याचं हे झालं!

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळी, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे पीसी नव्हता, मोबाइल होता. 2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, 2018 ला पब्जी मोबाइल आला आणि पोरं ट्विचवर न जाता यूट्यूबवर स्ट्रीम करायला लागली. मुंबईचा डायनॅमो, म्हणजे आदित्य सावंत, याचं "पट्ट से हेडशॉट" गल्लीतली शाळकरी पोरं पण ओरडायची. मॉर्टल, म्हणजे नमन माथुर, तोही मुंबईचाच, पण त्याचा सूर शांत. गेम तोच, मॅप तोच, बंदुका त्याच, तरी पब्लिक वेगळं. (सावंत काय, मिथपॅट म्हणजे मिथिलेश पाटणकर काय, आडनावं आपली पण स्ट्रीम हिंदीत, देशभरचं चॅट सांभाळायचं तर ते होणारच, पण थोडं लागतं मनाला.)

मग 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पब्जी मोबाइलसकट 118 ॲप्सवर बंदी आणली. ज्यांचं सगळं त्या एका गेमवर होतं त्यांची खरी पंचाईत झाली, आणि ज्यांच्याकडे लोक गप्पा ऐकायला यायचे ते अमंग अस, जीटीएचं रोलप्ले (गेममध्ये एखादं पात्र बनून वावरणं) असं काहीही खेळून तगले. 2021 ला बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलचाच भारतासाठीचा अवतार, आला, 2022 च्या जुलैत तोही स्टोअरवरून गायब, 2023 च्या मेमध्ये परत. असे झटके खाल्ल्यावर एकाच गेमचं नाव चॅनेलला चिकटवायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

चेहरा लागतोच असंही नाही. फ्री फायरवाला टोटल गेमिंगचा अज्जूभाई कित्येक वर्षं नुसत्या आवाजावर चालला, माइनक्राफ्टवाल्या ड्रीमने मुखवटा काढला तो थेट 2022 च्या ऑक्टोबरात. जपानमध्ये तर 2016 च्या अखेरीला किझुना आय आली, कार्टूनचं शरीर आणि मागे खऱ्या माणसाचा आवाज, त्यातून व्हीट्यूबरचा मोठा धंदाच उभा राहिला. गोम अशी की यातली बरीच पात्रं एजन्सीच्या मालकीची असतात. होलोलाइव्ह या एजन्सीची गॉर गुरा 2020 च्या सप्टेंबरात आली, लाखो फॉलोअर जमवले, आणि 1 मे 2025 ला तिचा शेवटचा स्ट्रीम झाला. पात्र कंपनीकडे राहिलं, मागच्या बाईला पुढे स्ट्रीम करायचं तर नवीन नावाने, नवीन चेहऱ्याने.