‘काका’चा ‘ताता’ होतो तेव्हा

तीन वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणते तेव्हा घरात कौतुक होते. शाळेत जाऊ लागल्यावरही ते तसेच बोलत राहिले, की ‘जीभ जड आहे’ असे ठरवून वेखंड उगाळायला घेतले जाते. पण हे मूल वाटेल तसे चुकत नसते. क आणि ग उच्चारताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, त्यांच्या जागी येणारे त आणि द मात्र दातांपाशी उमटतात. तरीही अघोष (स्वरतंतू न थरथरता उमटणाऱ्या) क ऐवजी अघोष त आणि घोष (स्वरतंतू थरथरून उमटणाऱ्या) ग ऐवजी घोष द हे नाते मूल बिनचूक पाळते. अदलाबदल इतकी शिस्तीची असेल, तर जिभेला बोल लावण्याआधी मनातली ध्वनिव्यवस्था तपासायला हवी.

भाषावैज्ञानिक डेव्हिड स्टॅम्प यांनी १९६९ मध्ये मांडले, की उच्चार सोपे करण्याच्या प्रक्रिया उपजतच असतात आणि भाषा शिकताना मूल त्या एकेक करून आवरते. ब्रिटिश भाषावैज्ञानिक नील स्मिथ यांनी स्वतःच्या मुलाच्या बोलण्याचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. हा मुलगा ‘पडल’ला, म्हणजे डबक्याला, ‘पगल’ म्हणे. ‘पझल’ला मात्र चक्क ‘पडल’ म्हणे! जो शब्द जिभेला जमत होता, तोच योग्य जागी येत नव्हता.

अर्थात, प्रक्रियेला नाव दिले म्हणजे कारण सापडले असे नव्हे, आणि ही गल्लत तज्ज्ञांच्या लेखनातही आढळते. काही कारणे उघड असतात. टाळू दुभंगलेला असेल तर प, ब यांना लागणारा दाब तोंडात साठत नाही, हवा नाकावाटे निसटते. ऐकू कमी येत असेल तर स, श यांसारखे उच्च कंप्रतेचे ध्वनी नीट कानी पडत नाहीत, म्हणून श्रवणचाचणी आधी. एका ब्रिटिश कुटुंबात तीन पिढ्या आढळलेल्या वाचादोषाचे मूळ २००१ मध्ये ‘फॉक्सपी२’ या जनुकात सापडले. बहुतेक मुलांत मात्र असे ठळक कारण हाती लागत नाही.

अशा वेळी वाचा-उपचारतज्ज्ञ मुलासमोर कार आणि तार अशी दोन चित्रे ठेवतात. मुलाला हवी असते कार, ते मागते ‘तार’, आणि त्याच्या हाती तारेचे चित्र पडते. मूल क्षणभर गोंधळते, चित्र परत करते आणि पुन्हा मागून पाहते.