सही झाली, एक्स्चेंज कुठे झालं?

इंग्लंडात घर घेणाऱ्या मराठी माणसाचा फोन आला की मी पहिलं विचारतो, "एक्स्चेंज झालं का?" उत्तर ठरलेलं असतं. "हो, परवाच सही करून पाठवलं." म्हणजे झालेलं नसतं.

कम्प्लीशन सगळ्यांना कळतं. उरलेले पैसे जातात, एजंटकडून किल्ली मिळते, उंबऱ्यावर नारळ फुटतो. आपलं खरेदीखत म्हणा हवं तर. त्यावर जास्त बोलत नाही. घोळ आहे तो त्याच्या आधीच्या पायरीचा, म्हणजे करार दोघांना बांधतो त्या एक्स्चेंजचा, आणि तो इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. साठेखत पक्कं माहीत असल्यामुळे होतो.

साठेखताला आपण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो. बाकावर ताटकळतो, साक्षीदार सांभाळतो, कॅमेऱ्यापुढे बसतो, अंगठा टेकवतो. सही केली की बांधलो गेलो, हे डोक्यात कोरलेलं. इथे सॉलिसिटर, म्हणजे घराचा व्यवहार बघणारा वकील, कराराची प्रत घरी पाठवतो. तुम्ही जेवणाच्या टेबलावर वरणाची वाटी बाजूला सारून सही करता आणि प्रत परत धाडता. तारीख मात्र घालू नका असं सांगितलेलं असतं. ती कोरी जागा नीट बघा. तारीख नाही, तोवर ती तुमची नुसती तयारी आहे.

तुमची सही तुमच्या सॉलिसिटरच्या फायलीत पडून राहते, विकणाऱ्याची त्याच्या सॉलिसिटरच्या. आठवडाभर, कधी महिनाभर. तेवढ्या काळात तुम्हीही मोकळे, तोही मोकळा. मग कौन्सिलचे आणि पाणी-ड्रेनेजचे सर्च, म्हणजे घराबद्दलच्या चौकशांची उत्तरं, आले, मॉर्गेजची म्हणजे गृहकर्जाची ऑफर हातात पडली, डिपॉझिट सॉलिसिटरच्या खात्यात जमा झालं की तुमचा होकार घेऊन एक सॉलिसिटर दुसऱ्याला फोन लावतो. दोन्ही प्रती शब्दाशब्दाने सारख्या आहेत ना, हे ताडून घेतात. कम्प्लीशनची तारीख भरतात. किती वाजता ठरलं तेही टिपून ठेवतात. या फोनवर काय बोलायचं याचे नियम लॉ सोसायटीने, म्हणजे सॉलिसिटरांच्या संघटनेने, घालून दिलेत. साध्या व्यवहारात बहुतेक वेळा त्यातला 'फॉर्म्युला बी' वापरतात. ते बोलणं संपलं की एक्स्चेंज झालं. तुम्ही त्या वेळी ऑफिसात कुठल्यातरी मीटिंगमध्ये जांभई दाबत असता.

तुमची किमतीची ऑफर विकणाऱ्याने स्वीकारणं म्हणजे आपलं टोकन, हाही एक लाडका गैरसमज. ऑफरला कायद्याने काडीची किंमत नाही. १९८९ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचा करार लेखी आणि दोघांच्या सहीचाच लागतो, आणि दोन प्रतींचा व्यवहार असेल तर त्यांची अदलाबदल व्हावी लागते. नावच एक्स्चेंज आहे! तोवर विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्ही त्याला नैतिकता शिकवण्यापलीकडे काही करू शकत नाही.

माझ्या मावसभावाने सही केली त्या रात्री भाड्याच्या घराची नोटीस देऊन टाकली, पेढेही वाटले. अकराव्या दिवशी विकणाऱ्याचा विचार बदलला. सर्व्हेचे, सर्चचे, सॉलिसिटरच्या झालेल्या कामाचे पैसे गेले आणि महिनाअखेरीला राहायला जागा नाही. "केस करू," म्हणाला. कशावर करणार? त्याच्या सॉलिसिटरने 'एक्स्चेंज झाल्यावर कळवतो' एवढं एक वाक्य ई-मेलच्या तळाशी टाकलं होतं. समजावून सांगण्याइतका वेळ त्या स्वस्त ऑफिसात कुणाला नव्हता.

आता याची उलट बाजू, जी जास्त महागात पडते. एक्स्चेंजनंतर सुटका नाही. डिपॉझिट साधारण १० टक्के, म्हणजे ४ लाख पौंडांच्या घराला ४०,०००. ठरल्या दिवशी पैसे उभे राहिले नाहीत तर विकणारा १० कामकाजी दिवसांची नोटीस देतो, आणि तरीही जमलं नाही तर डिपॉझिट बुडालं. नेहमीच्या करारात घराची जोखीमही एक्स्चेंजपासूनच तुमच्याकडे येते. किल्ली त्याच्या खिशात, छप्पर उडालं तर डोकेदुखी तुमची. म्हणून विमा त्या दिवसापासून, कम्प्लीशनपासून नाही.

आणि इथेच पुण्याचा फ्लॅट आडवा येतो. पहिलं घर म्हणून सवलत मिळेल या हिशेबाने लोक ४ लाखांच्या घरावर ५,००० पौंड स्टॅम्प ड्यूटी धरून बसतात. पण तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर जगात कुठेही घर असेल आणि त्यातला हिस्सा ४०,००० पौंडांचा किंवा वरचा असेल, तर हे सहसा दुसरं घर धरलं जातं. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर ५ टक्के जादा. एकूण आकडा ३०,००० पौंड होतो. हे एक्स्चेंजआधी कळलं तर कपाळाला हात लावून मागे फिरता येतं. नंतर कळलं तर २५,००० पौंड दोन आठवड्यांत कुठून आणणार? तेव्हा पहिल्याच दिवशी सॉलिसिटरला फ्लॅटचं सांगा. बाबांनी एफडी मोडून पैसे पाठवले असतील तर तेही सांगा. पैशाचा उगम तपासणं त्याला भागच आहे, आणि बँकेची स्टेटमेंटं गोळा करण्यात आठवडे जातात.

सॉलिसिटर घ्यावा की लायसेन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त घर-जमिनीच्या व्यवहारांचा परवानाधारक, यावर लोक फार डोकं शिणवतात. साध्या घराला कुणीही चालेल. वारसाहक्काचं किंवा घटस्फोटाचं लचांड असेल तर सॉलिसिटर. तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत तो आहे ना, एवढं बघा. एजंटने सुचवलेल्या फर्मकडे मी जात नाही. एजंटला कमिशन किती मिळतं हे विचारलं की समोरचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी दोनशे-तीनशे पौंड जास्त देतो, पण फाइल कोण बघणार त्याचं नाव आणि थेट नंबर घेतो. आणि लेखी सांगतो: मला फोन करून 'हो' ऐकल्याशिवाय एक्स्चेंज करायचं नाही. यावर कुरकुर करणारा माणूस मला नको.

स्कॉटलंडची रीत निराळी आहे. तिथे सॉलिसिटरांच्या पत्रांनीच करार होतो, त्यामुळे ग्लासगोकरांनी हे सगळं सोडून द्यावं.

कम्प्लीशनबद्दल दोनच गोष्टी. सॉलिसिटरचा खाते क्रमांक सुरुवातीलाच फोनवरून खात्री करून लिहून ठेवा. 'आमचं खातं बदललंय' असा ई-मेल आला तर तो चोराचा समजा. आणि शुक्रवार घेऊ नका. नेहमीच्या करारात दुपारी दोननंतर पोचलेले पैसे पुढच्या कामकाजी दिवसाचे धरतात, म्हणजे सोमवारचे. एका शुक्रवारी चार वाजता मी व्हॅनमध्ये देव्हारा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि एजंट खिडकीतून हात हलवून 'अजून नाही' असं खुणावत होता.