आयल रॉयलचे लांडगे : २०१८ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल या बेटावर २०१९ च्या हिवाळ्यात सुमारे २,०६० मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) होते. २०२४ च्या हिवाळी गणनेत ते ८४० भरले. २०१८ मध्ये लांडगे दोनच उरले होते, ते २०२४ मध्ये तीस झाले. हे आकडे शेजारी-शेजारी मांडले की लांडगे आणले आणि मूस आटोक्यात आले, असा सरळ निष्कर्ष निघतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु याच बेटावरील साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदी इतक्या सरळ निष्कर्षाला साथ देत नाहीत, आणि बाहेरून लांडगे आणून सोडण्याचा २०१८ चा निर्णय एवढा वादग्रस्त का ठरला हे समजून घ्यायचे तर त्या नोंदींकडेच जावे लागते.

बेट अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडते. लांबी सुमारे ७२ किलोमीटर, आणि सर्वांत जवळचा किनारा वीस-पंचवीस किलोमीटर दूर. येथे मूसची शिकार करण्यास माणसाला मनाई आहे, अस्वले नाहीत, मुख्य भूमीवरची अन्य हरणे नाहीत. मूसला मारणारा प्राणी एकच, तो म्हणजे लांडगा. आणि लांडग्याचे मुख्य खाद्यही एकच, ते म्हणजे मूस, उन्हाळ्यात जोडीला बीव्हर हा पाणथळीतला मोठा कृंतक. भक्षक आणि भक्ष्य यांचा हिशेब इतका स्वच्छ मांडता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. आपल्या सोलापूर-नगरच्या माळरानावरचा लांडगा मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. तेथे लांडगे किती आणि रानातले भक्ष्य किती यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आरंभीच धनगरांच्या कळपांपाशी येऊन अडतो.

मूस या बेटावर मुळचे नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते आले. पोहत आले की माणसांनी आणून सोडले, यावर अजूनही एकमत नाही. भक्षक नसल्याने ते भराभर वाढले आणि १९३० च्या सुमारास त्यांची संख्या एक ते तीन हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. त्या काळी बेटाची पाहणी करणाऱ्या एका जीवशास्त्रज्ञाने चारा संपत आल्याचा इशारा दिला होता. पुढच्या काही वर्षांत मूस मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. १९३६ मध्ये बेटाच्या मोठ्या भागाला वणवा लागला, जळालेल्या जागी कोवळी झाडोरी उगवली आणि मूस पुन्हा वाढले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे चालत आले. ते स्थिरावले आहेत की नाही याची खात्री नसतानाच १९५२ मध्ये प्राणिसंग्रहालयात वाढलेले चार लांडगेही येथे सोडण्यात आले; ते माणसांच्या वस्तीपाशी घुटमळू लागल्याने तो प्रयोग लगेच गुंडाळावा लागला. बेटावर मानवी हस्तक्षेप २०१८ मध्ये प्रथमच झाला असे म्हणणाऱ्यांना या चार लांडग्यांचा सहसा विसर पडतो.

१९५८ मध्ये येथे सुरू झालेला अभ्यास आजही चालू आहे आणि भक्षक-भक्ष्य संबंधांचा इतका दीर्घ व अखंड अभ्यास दुसरा नाही. हिवाळ्यात पाने गळालेली असताना लहान विमानातून बर्फावरचे कळप आणि मूस मोजायचे, आणि बर्फ वितळल्यावर पायी फिरून मेलेल्या मूसची हाडे गोळा करायची, अशी त्याची पद्धत आहे. दातांवरून वय कळते आणि सांध्यांवरून आजार. पहिल्या काही वर्षांतच दिसून आले की लांडग्यांचे बहुसंख्य पाठलाग फसतात. ऐन वयातला धडधाकट मूस पाय रोवून उभा राहिला तर कळप माघार घेतो. मारले जातात ते मुख्यतः पहिल्या वर्षातली पाडसे आणि दहा-बारा वर्षांपुढचे, संधिवाताने जखडलेले प्राणी. पुढे असेही आढळले की ज्यांचे बालपण चाराटंचाईत गेले त्यांनाच म्हातारपणी संधिवात अधिक होतो. म्हणजे लांडग्याने मारलेल्या एखाद्या मूसच्या मरणाचे कारण दहा वर्षांपूर्वीच्या एका उपाशी हिवाळ्यात दडलेले असू शकते. अशी मरतूक कोणाच्या खाती मांडायची, भक्षकाच्या की अन्नाच्या, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

सुरुवातीची दहा-पंधरा वर्षे मात्र चित्र बरेच आश्वासक होते. लांडगे वीस-पंचवीसच्या आसपास राहत आणि दोन्ही संख्या एकमेकींना धरून चालतात, असे वाटत होते. १९७० च्या आसपासच्या कडक हिवाळ्यांनी मूस दुबळे झाले, लांडग्यांना शिकार सोपी झाली, आणि १९८० पर्यंत ते पन्नासवर पोहोचले. त्यानंतर दोनच वर्षांत ते चौदावर आले. कारण भूक नव्हे, तर कुत्र्यांमधला पार्व्हो विषाणू हे होते; बेटावर कुत्री नेण्यास मनाई असतानाही कोणा पर्यटकाच्या कुत्र्याबरोबर तो आला असावा, असे मानले जाते. रोग ओसरल्यावरही लांडगे पूर्वपदावर आले नाहीत, आणि मूस वाढतच गेले. १९९५ पर्यंत ते सुमारे २,४०० झाले. मग १९९६ चा अतिशय कडक हिवाळा, गोचिडांचा प्रचंड प्रादुर्भाव आणि बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षाच्या खुरटलेल्या झाडांवर भागवावी लागणारी उपजीविका हे तिन्ही एकदम आले. वर्षभरात मूस पाचशेच्या आसपास उरले. त्या वेळी बेटावर लांडगे वीसेक होते. जवळपास दोन हजार प्राण्यांचा फडशा ते पाडणे शक्यच नव्हते. बेटावरील मूसची नोंदलेली सर्वांत मोठी घसरण लांडग्यांमुळे झालेली नाही, ही गोष्ट २०१८ च्या चर्चेत व्हायला हवी होती तितक्या ठळकपणे कधी मांडली गेली नाही.

लांडग्यांच्या बाजूला वेगळीच अडचण वाढत होती. मूळचे लांडगे मोजकेच आले होते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांतच प्रजनन होत राहिले. मेलेल्या लांडग्यांच्या कण्यात मणक्यांची विकृती सर्रास आढळू लागली. १९९७ मध्ये एक नर बर्फावरून एकटाच बेटावर आला आणि त्याच्या वंशाने इतकी मुसंडी मारली की दहा-बारा वर्षांत बेटावरील लांडग्यांचा अर्ध्याहून अधिक आनुवंशिक वारसा त्याच्याकडे जात होता. काही काळ कळप सुधारले. पण सगळेच एकाचे वंशज झाल्यावर अंतःप्रजनन नव्याने सुरू झाले. २००९ मध्ये चोवीस असलेले लांडगे २०१२ मध्ये नऊ झाले. त्या घसरणीत तिघांचा बळी तांब्याच्या जुन्या खाणीच्या, पाणी साचलेल्या खड्ड्यात गेला होता. २०१६ पर्यंत उरले दोघे, एक नर आणि एक मादी. ती त्याची मुलगीही होती आणि सावत्र बहीणही.

येथून वाद सुरू होतो. बेटाचा ९९ टक्के भूभाग १९७६ पासून १९६४ च्या विल्डरनेस ॲक्टखाली संरक्षित आहे, आणि त्या कायद्याचा गाभाच असा की अशा प्रदेशात माणसाने निसर्गाला आपल्या मर्जीप्रमाणे वळण लावू नये. हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे त्यावर उभे होते : बेटांवर प्राणी येतात आणि नष्ट होतात, येथे पूर्वी कॅरिबू (उत्तरेकडचे एक हरीण) आणि लिंक्स (एक रानमांजर) होते, ते गेले, लांडगे आल्यावर कोयोट (लांडग्याचा लहान भाऊबंद) गेले, आता लांडग्यांची पाळी असेल, तर असू द्यावी. दुसऱ्या बाजूचे उत्तर होते की, लांडगे नैसर्गिकपणे संपत नाहीत. रोग माणसाच्या कुत्र्यामुळे आला, खड्डे माणसाने खणले, आणि मुख्य म्हणजे ज्या बर्फाच्या पुलावरून नवे रक्त येत असे तो पूल हवामान तापल्याने क्वचितच तयार होऊ लागला. पूर्वी बहुतेक हिवाळ्यांत बेट किनाऱ्याशी जोडले जाई. २०१४ मध्ये बऱ्याच काळाने असा पूल झाला, पण त्यावरून कोणी येण्याऐवजी बेटावरचीच एक मादी निघून गेली आणि मुख्य भूमीवर छऱ्याच्या बंदुकीने मारली गेली.

बेटावरील राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने २०१४ मध्ये तातडीने काही न करण्याचे ठरवले, मग आराखडा करण्यास सुरुवात केली, डिसेंबर २०१६ मध्ये मसुदा मांडला आणि जून २०१८ मध्ये तीन वर्षांत वीस ते तीस लांडगे आणण्याचा निर्णय घेतला. या दिरंगाईची टीका रास्त आहे. २०१२ मध्ये दोन-चार नवे लांडगे आणले असते तर जुन्या वंशाला आधार देणे पुरले असते; २०१८ मध्ये मुळापासून नवी वसाहत उभारणे भाग पडले.

निर्णयाचे अधिकृत समर्थन लांडग्यांपेक्षा वनस्पतींवर अधिक बेतलेले होते, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. २०११ मध्ये मूस पाचशेच्या आसपास होते. लांडगे मोडकळीला आल्यावर आठ वर्षांत ते चौपट झाले. लांडगे मूसची संख्या दाबून ठेवतात याचा सर्वांत भक्कम पुरावा, गंमत म्हणजे, लांडगे नसतानाच्या वर्षांनी दिला. बेटाच्या पश्चिम भागात फरची रोपे मूसच्या तोंडातून सुटून डोक्याएवढीही होईनाशी झाली होती, आणि १९३० किंवा १९९६ सारखी उपासमार पुन्हा होऊन मूस घटण्यापूर्वीच जुनी बीजधारी झाडे मरून जातील, ही भीती खरी होती. मात्र ‘निसर्गाचा समतोल परत आणणे’ हे जे समर्थन सार्वजनिक चर्चेत अधिक खपले, त्याला या बेटावरच्या नोंदींत जागा नाही. १९५८ पासूनच्या कोणत्याही दोन दशकांत येथे संख्या एका पातळीवर टिकलेल्या नाहीत. ज्या समतोलाकडे परतायचे तो नेमका कोणत्या वर्षीचा, याचे उत्तर कोणी दिले नाही.

सप्टेंबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात एकूण एकोणीस लांडगे सोडण्यात आले. पहिल्या तुकडीतील एक मादी पुढच्याच हिवाळ्यात बर्फावरून परत मूळ ठिकाणी चालत गेली. बरेचसे लांडगे कॅनडाच्या हद्दीतील मिशिपिकोटन या सुपीरियरमधल्याच दुसऱ्या बेटावरून आणले गेले, आणि त्यांची हकिगत या वादात जेवढी यायला हवी होती तेवढी आली नाही. २०१४ च्या त्याच बर्फावरून लांडगे मिशिपिकोटनवर पोहोचले होते. तेथील शेकडो कॅरिबू त्यांनी चार वर्षांत जवळजवळ संपवले, उरलेले माणसांना उचलून अन्य बेटांवर न्यावे लागले आणि लांडगे उपाशी राहिले. भक्षकाने भक्ष्याचे ‘नियमन’ करण्याऐवजी त्याचा निर्वंश केल्याचे उदाहरण त्याच सरोवरात, त्याच वर्षांत घडले. फरक भक्ष्याचा होता : आकाराने आणि स्वभावाने मूस कॅरिबूपेक्षा लांडग्याला कितीतरी अवघड जातो.

नव्या कळपांनी आयल रॉयलवर लवकर जम बसवला. २०२२ मध्ये लांडगे २८ आणि मूस १,३४६ होते, पुढच्या वर्षी ३१ आणि ९६७. पण २०१९ नंतरच्या घसरणीतही एकटे लांडगे नव्हते. फरचे कोंब खाणाऱ्या अळ्यांचा उपद्रव याच काळात बेटावर पसरला, मूसचा हिवाळी चारा आणखी घटला, आणि लांडग्यांचा दातही न लागलेले, भुकेने मेलेले मूस वसंतात सापडले. गोचिडांमुळे अंगावरचे केस झडलेले प्राणीही त्यांत होते.

२०१८ च्या निर्णयात एक दुसरा पर्याय विचाराधीन होता : ठराविक काळाने, गरज पडेल तसे, पुन्हा पुन्हा नवे लांडगे आणत राहणे. प्रशासनाने तो नाकारून एकदाच, मर्यादित मुदतीत लांडगे आणण्याचा पर्याय निवडला, आणि ती मुदत आता संपली आहे. बर्फाचे पूल होण्याचे प्रमाण वाढण्याची चिन्हे नाहीत. बेटावर आज असलेले लांडगे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्यांचे वंशज असल्याने काही पिढ्या निभावतील. त्यानंतर १९९७ पूर्वीचाच प्रश्न, १९६४ चाच कायदा समोर ठेवून, पुन्हा सोडवावा लागेल.