सहकर्जदार की जामीनदार? नवऱ्याच्या कर्जावर सही करण्याआधी

आमची आक्का कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते. दाजी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. व्यसन नाही, कष्टाला कधी मागं नाहीत, पण पगार हातात आला की त्यांचा हिशेब सुटतो. पाव्हण्यांच्या लग्नात आहेर, मित्राला हातउसने, पोराला सायकल, सगळं पहिल्या आठवड्यातच. पंचवीस तारखेनंतर आक्का वहीवर लिहून किराणा आणते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिनं कॅलेंडरच्या पानामागं सगळं मांडलं. पगार २६,०००. गाडीचा हप्ता ३,२००, मोबाईलचा १,८५०, पतसंस्थेचा ५,४००, भिशी २,०००, घरभाडं ६,०००. उरले ७,५५०. त्यात चार माणसांचं महिनाभराचं खाणं, लाईट बिल, शाळा, औषधपाणी. दाजी शेजारीच बसले होते. आकडा बघून ते खरंच गप्प झाले. एवढे हप्ते चालू आहेत हे त्यांना माहीत होतं, पण बेरीज त्यांनी कधी केलीच नव्हती.

त्यावर त्यांनीच तोडगा काढला. २ लाखांचं एकच कर्ज काढायचं आणि गाडी, मोबाईल, पतसंस्था तिन्ही भागवून टाकायचं. १३ टक्के व्याज, ३६ महिने, हप्ता साधारण ६,७३९. तिन्ही हप्ते मिळून १०,४५० जात होते, म्हणजे महिन्याला ३,७०० रुपये सुटणार. तोडगा वाईट नव्हता. मग फॉर्म पुढं सरकवत ते म्हणाले, "जामीनदार म्हणून नुसती सही कर. पैसे मीच फेडणार आहे की."

आक्कानं मला फोन केला. मी आठ वर्षं एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काम केलंय आणि 'नुसती सही' हे दोन शब्द तिथं रोज ऐकलेत.

आधी एक गोष्ट सांगते, कारण बऱ्याच बायकांना ती माहीत नसते. नवऱ्यानं एकट्याच्या नावावर काढलेल्या कर्जाला बायको लग्न झालंय म्हणून जबाबदार होत नाही. सही केली तरच होते. त्यामुळं सही न करणं हाही एक रस्ता आहे आणि तसं सांगताना लाजायचं कारण नाही.

सही करायचीच ठरली तर फॉर्मवर दोन जागा असतात. सहकर्जदार म्हणजे कर्ज दोघांचं. रक्कम दोघांनी उचलली असं धरतात आणि पहिल्या हप्त्यापासून देणं दोघांच्या डोक्यावर असतं. जामीनदार म्हणजे कर्ज दुसऱ्याचं. त्यानं थकवलं तर मी भरीन, असा लिहून दिलेला शब्द. ऐकायला जामीनदाराचं ओझं हलकं वाटतं. आधी नवऱ्याच्या मागं लागतील, त्याच्याकडं काहीच निघालं नाही तर माझ्याकडं येतील, असा समज असतो. तो चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपेपर्यंत जामीनदाराला हात लावू नका, असं बँकेला सांगता येत नाही, हे बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय. सहकारी पतसंस्थेचं कर्ज असेल तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली '१०१ चा दाखला', म्हणजे कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला, निघतो, आणि त्यात कर्जदाराच्या खाली जामीनदारांची नावं असतात. जामीनदाराची ठेव त्याच संस्थेत असेल तर तीही अडकते. बायकांच्या नावावरच्या अशा ठेवी अडकलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. एकदा तर ती मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली होती.

म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही सह्यांचं वजन जवळपास सारखंच. फरक पडतो तो घरात.

जामीनदाराला पैसा मिळत नाही आणि बातमी सगळ्यात शेवटी मिळते. हप्त्याचा मेसेज कर्जदाराच्या मोबाईलवर जातो. दोन-तीन हप्ते तुंबले की मग जामीनदाराच्या नावानं नोटीस निघते, तोवर दंड चढलेला असतो. ज्याला हिशेब जमत नाही तो माणूस थकलेला हप्ता घरात लगेच सांगत नाही. लाज वाटते, पुढच्या महिन्यात भरू असं वाटतं. जामीनदार बायकोला त्याच्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त फटका बसतो. सहकर्जदाराचं तसं नसतं. कर्ज तिचंही असल्यामुळं खातेउतारा मागायचा तिला थेट हक्क आहे, मेसेज तिच्या नंबरवर लावून घेता येतो, आणि जुनी कर्जं भागवायची रक्कम परस्पर त्या त्या ठिकाणी जमा करा, असं अर्जातच लिहून देता येतं.

कायद्यानं जामीनदाराला एक गोष्ट जास्त दिलीय. त्यानं भरलेली सगळी रक्कम तो कर्जदाराकडून वसूल करू शकतो. सहकर्जदाराला, वेगळं ठरलं नसेल तर, दुसऱ्याचा निम्मा वाटाच मागता येतो. पण एका ताटात जेवणाऱ्या नवऱ्यावर वसुलीचा दावा कोण लावणार? भावाला किंवा मित्राला जामीन राहताना हा हक्क कामाचा आहे. नवरा-बायकोत तो कागदावरच राहतो.

सिबिलचं, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अहवालाचं, थोडक्यात. बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज दोघांच्याही अहवालात दिसतं आणि थकलं तर दोघांचाही स्कोअर पडतो. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघाच. कधीकाळी केलेली सही तिथं सापडते. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. त्यामुळं तिथलं कर्ज अहवालात दिसेलच असं नाही. ते संस्थेतच जाऊन विचारावं लागतं.

आधीच जामीनदार असाल तर मधूनच सही मागं घेता येत नाही. दुकानाच्या कॅश क्रेडिटसारखी, म्हणजे लागेल तसे पैसे उचलत राहायच्या कर्जाची, चालू हमी असेल तर पुढच्या उचलीपुरती लेखी नोटीस देऊन ती थांबवता येते, पण तोवर उचललेल्या रकमेला तुम्ही बांधलेलेच. खरी संधी मार्चएंडला येते. जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडायचं, ज्याला आपल्याकडं 'नवं-जुनं' म्हणतात, त्यात नवा करारनामा होतो आणि जामीनदाराची सही पुन्हा लागते. कर्मचारी फॉर्म घेऊन घरी येतो, चहा होतो आणि सही होऊन जाते. त्या वेळी नाही म्हणता येतं. नव्या कागदावर तुमची सही नसेल तर दुसरा जामीनदार शोधायचं काम कर्जदाराचं. जुनं खातं बंद झाल्याचा दाखला मात्र हातात घ्या.

माझं मत मी आक्काला सरळ सांगितलं. हिशेब न जमणाऱ्या माणसाला जामीन राहू नकोस. करायचीच तर सहकर्जदार म्हणून कर आणि हप्त्याचा कारभार स्वतःकडं घे. दाजींना वाईट वाटलं. "माझ्यावर विश्वास नाही काय?" म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, विश्वास आहे म्हणूनच ती कर्ज अंगावर घेतीय. पण बेरीज तिला करू द्या."

मग दोघांनी मिळून ठरवलं. हप्त्यासाठी वेगळं खातं. पगार दहा तारखेपर्यंत होतो म्हणून हप्त्याची तारीख बारा, आणि अकराला पैसे त्या खात्यात टाकायचं काम आक्काचं. दाजींच्या खिशात महिन्याला २,५०० रुपये, त्याचा हिशेब कुणी विचारायचा नाही. हे शेवटचं मीच सुचवलं. पै-पैचा जाब द्यावा लागला की माणूस लपवायला लागतो. भिशी एवढी संपली की बंद.

फॉर्मवर मोबाईल नंबरच्या रकान्यात दाजींनी आधीच आपला नंबर लिहिला होता. आक्कानं तो खोडला नाही. त्याच्या वर, बारीक अक्षरात, आपला नंबर लिहिला आणि दाजींकडून शेजारी सही करून घेतली.