गडकऱ्यांचे नाट्यलेखन : सामर्थ्य आणि दोष यांची पार्श्वभूमी

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांच्या नाटकांतील सारी पात्रे एकाच अलंकृत भाषेत बोलतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो खराही आहे. मात्र त्याचे मूळ केवळ लेखकाच्या स्वभावात शोधून भागत नाही. ती भाषा त्यांना ज्या रंगभूमीकडून मिळाली, तिच्याकडेही पाहावे लागते.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे दोन वाटा फुटल्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’मध्ये घरातल्या माणसांची साधी बोली रंगमंचावर आणली, तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी कल्पनारम्य कथानके, कोट्या आणि चमत्कृती यांवर भर दिला. गडकऱ्यांनी गुरू मानले ते कोल्हटकरांना. पाच अंकी रचना, गंभीर कथानकाला जोडलेले विनोदी उपकथानक आणि वाक्यावाक्याला टाळी घेणारा संवाद हे सारे त्यांना तिथूनच मिळाले. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या सहवासामुळे नटाच्या तोंडी कोणते वाक्य कसे वाजेल, याचीही त्यांना उत्तम जाण आली होती.

‘प्रेमसंन्यास’ (१९१२) या पहिल्या मोठ्या नाटकात विधवाविवाहाचा ज्वलंत प्रश्न आहे, पण विसराळू गोकुळचे प्रवेश इतके रंगतात की मूळ विषय मागे पडतो. ‘पुण्यप्रभावा’त वसुंधरेचे पातिव्रत्य खलनायकाचे हृदयपरिवर्तन घडवते, तिथे स्वभावापेक्षा सिद्धांताचाच विजय होतो.

‘एकच प्याला’त मात्र शेक्सपिअरच्या शोकांतिकांचा संस्कार खऱ्या अर्थाने मुरलेला दिसतो. वकिलीची सनद काही काळासाठी गेल्याने सुधाकराचा मानी स्वभाव दुखावतो आणि त्या जखमेतून तो दारूकडे वळतो. त्याचा विनाश बाहेरून लादलेला नाही. त्याला पहिला पेला देणारा तळीराम हे माझ्या मते गडकऱ्यांचे सर्वांत पक्के पात्र आहे. त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश हसवतात आणि त्याच वेळी सुधाकराचा ऱ्हासही पुढे नेतात. विनोद आणि शोक इतके एकजीव त्यांना अन्यत्र क्वचितच करता आले. याउलट शरद, भगीरथ आणि रामलाल यांचे उपकथानक नाटकाची गती अडवते, रामलालची भाषणे प्रसंगाच्या गरजेपलीकडे लांबतात, आणि नवऱ्याच्या हातून मूल गेल्यावरही नवऱ्यालाच वाचवू पाहणारी सुधाकराची बायको सिंधू व्यक्तीपेक्षा आदर्शच अधिक वाटते. तरीही जात्यावर दळण दळून संसार ओढणाऱ्या सिंधूचे प्रवेश आजही काळीज हलवतात, कारण तिथे दारिद्र्य शब्दांपेक्षा कृतीतून दिसते.

या नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. ‘गोविंदाग्रज’ म्हणून स्वतः कविता लिहिणाऱ्या गडकऱ्यांचे सारे काव्य गद्यातच ओतले गेले. संवाद जड होण्याचे तेही एक कारण असावे. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर गडकऱ्यांना पाहायला मिळाले नाहीत. प्रयोग पाहून काटछाट करण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती, असे राहून राहून वाटते.

१९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या वळणाचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, तेव्हा स्वगते आणि अलंकृत भाषणे बाजूला सारली गेली. ती प्रतिक्रिया आवश्यक होती. पण तिने आणलेल्या आटोपशीर संवादाला तळीरामासारखे पात्र पुन्हा घडवता आले नाही.