परवान्याची उलटी वाट

फेब्रुवारी 2023 मध्ये फोर्डने मिशिगन राज्यातल्या मार्शल इथे साडेतीन अब्ज डॉलरचा बॅटरी कारखाना उभारायची घोषणा केली. मालकी फोर्डच्या उपकंपनीची, कामगारही तिचेच. सेल बनवण्याची विद्या मात्र चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीकडून परवान्यावर घेतलेली. यावरून अमेरिकेत बराच गदारोळ उठला. त्या आरडाओरड्यात एक गोष्ट मागे पडली: या सेलचं मूळ रसायन सापडलं टेक्सासमध्ये.

ते रसायन म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने ते कॅथोडसाठी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकासाठी, वापरता येतं हे दाखवलं. कोबाल्ट नको, निकेल नको, आणि तापलं तरी सहजी पेट घेत नाही. खोट एकच, त्यातून वीज धड वाहत नाही. कणांवर कार्बनचा पातळ थर चढवून ती दूर करण्यात कॅनडाच्या हायड्रो-क्युबेक या सरकारी वीज कंपनीशी जोडलेल्या संशोधकांचा मोठा वाटा होता. विद्यापीठाने हायड्रो-क्युबेकला परवाना दिला आणि मग कोर्टकज्जे सुरू झाले. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीशी चाललेला वाद तर 2008 मध्ये तडजोडीने मिटला. गुडइनफ यांना हे नवं नव्हतं. 1980 मध्ये ऑक्सफर्डला असताना त्यांनी शोधलेल्या कोबाल्ट कॅथोडचं पेटंट घ्यायला विद्यापीठाने नकार दिला होता, आणि पुढे जगभर खपलेल्या त्या सेलमधून त्यांना रॉयल्टी मिळाली नाही.

चीनमध्ये गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. तिथल्या उत्पादकांनी एलएफपीच्या पेटंटांना आव्हान दिलं, आणि अखेर माल चीनमध्येच वापरला तर परवाना शुल्क नाही, असा समझोता झाला. पेटंटधारकांना ही सवलत तेव्हा किरकोळ वाटली असावी. पण सरकारी अनुदानावर फोफावणारी इलेक्ट्रिक बसची आणि मोटारींची बाजारपेठ घरातच असल्यामुळे चिनी कारखान्यांना निर्यातीची घाई नव्हती. मोठ्या प्रमाणावर, कमी खर्चात सेल कसा काढायचा हे ते तिथेच शिकले. 2022 च्या सुमारास मुख्य पेटंटांची मुदत संपली, तोवर इतर देश या हातखंड्यात बरेच मागे पडले होते.

सीएटीएलचे संस्थापक झेंग युचुन यांची सुरुवातही परवान्यापासूनच झाली. आधीच्या एटीएल या कंपनीसाठी त्यांनी अमेरिकेच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेकडून पॉलिमर बॅटरीचा परवाना घेतला. त्याबरहुकूम बनवलेल्या बॅटऱ्या फुगू लागल्या. इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे बॅटरीतल्या विद्युतवाहक द्रावाचा, घोळ निस्तरून त्यांनीच तो दोष काढला. परवान्यात पाककृती मिळते, हात मिळत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. 2011 मध्ये सीएटीएल एटीएलमधून वेगळी झाली.

जुलै 2025 मध्ये चीनने एलएफपी कॅथोड बनवण्याचं तंत्रज्ञान निर्यात-निर्बंधांच्या यादीत घातलं. आता ते परदेशी कंपनीला द्यायचं तर आधी सरकारची परवानगी लागते.